लाखात पाच रेणू: हवेतून खत काढण्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका भांडणाने करूया. भांडण पैशाचं नाही, जमिनीचं नाही, एका आकड्याचं आहे. आणि तो आकडा तरी केवढा, तर लाखात बारा की लाखात पाच!

मे १९०७. जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर. बुन्सेन सोसायटीची बैठक चालू आहे, देशभरातले मोठे रसायनशास्त्रज्ञ जमलेत. समोरासमोर दोन माणसं आहेत. एक कार्ल्सरूहचा फ्रिट्झ हाबर, ज्याला आपण पाठ्यपुस्तकात 'हेबर' म्हणून ओळखतो. दुसरा बर्लिनचा वाल्थर नर्न्स्ट, त्या काळातलं फार वजनदार नाव. नर्न्स्ट भर सभेत सांगतो की हाबरचं मोजमाप चुकलंय.

मोजलं काय होतं? नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र तापवले, तर अमोनिया किती तयार होतो, एवढंच. दोन-तीन वर्षांपूर्वी हाबरने साधारण १००० अंश सेल्सिअसला हे करून पाहिलं होतं. त्याने धरलेला आकडा होता ०.०१२ टक्के, म्हणजे लाख रेणूंमागे बारा. नर्न्स्टने नुकताच उष्णतेबद्दलचा एक नवा सिद्धांत मांडला होता, आणि त्या गणितात हा आकडा बसत नव्हता. हाबरने पुन्हा मोजलं, तर उत्तर आलं लाखात पाचच्या आसपास. तरीही नर्न्स्टचं समाधान झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, लाखात बारा काय आणि पाच काय, फरक काय पडतो? त्यासाठी आधी हे बघूया की लोकांना अमोनिया हवा कशाला होता.

पिकाला नायट्रोजन लागतो. आपल्या आजूबाजूच्या हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजनच आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून बसलेत. हा बंध तोडायचा तर एका मोलला सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. मग युरोपातले शेतकरी काय करायचे? दक्षिण अमेरिकेतल्या चिलीच्या वाळवंटातून जहाजं भरून सोरा आणायचे. १८९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्सने जाहीर भाषणात इशारा दिला की हा साठा एक दिवस संपणार, आणि हवेतला नायट्रोजन पकडायला शिकलो नाही तर गहू पुरणार नाही. म्हणजे प्रश्न थेट भाकरीचाच होता.

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, आपण गाडीनेच जाऊ.

समजा तुम्ही वाईहून पोलादपूरला निघालात. आधी पसरणी घाट चढायचा, पाचगणी, महाबळेश्वर, आणि मग आंबेनळी घाट उतरून खाली कोकणात. पोलादपूर वाईपेक्षा बरंच खाली आहे, म्हणजे एकूण हिशेब उताराचा. पण आधी चढण चुकत नाही. अमोनियाचंही तसंच आहे. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया झाला, की सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. अभिक्रिया उष्मादायी आहे, पण सुरुवातीचा घाट भयंकर उंच आहे.

थंडीत काय होतं? घाट चढायला कुणाकडे इंधनच नाही. सगळ्या गाड्या वाईतच उभ्या. म्हणून तापवायचं. पण तापवलं की इंधन सगळ्यांनाच मिळतं. खाली पोहोचलेल्या गाड्याही उलट फिरून घाट चढायला लागतात! अमोनिया जितका तयार होतो तितकाच परत मोडतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या सारख्या झाल्या की खाली किती आणि वर किती, हा आकडा हलत नाही. यालाच रासायनिक समतोल म्हणतात. सगळं थांबलंय असं नाही बरं का. दोन्हीकडची ये-जा चालूच आहे, फक्त हिशेब बरोबरीत आलाय.

म्हणजे पेच बघा. थंड ठेवलं तर अमोनिया भरपूर मिळू शकतो, पण मिळायला युगं लागतील. तापवलं तर झटपट मिळतो, पण लाखात पाच.

यातून वाट काय? एक वाट फ्रान्सच्या ल शाटेलिएने १८८४ मध्येच दाखवली होती. समतोलावर तुम्ही ताण दिलात, की तो ताण कमी होईल अशा बाजूला समतोल सरकतो. इथे चार रेणूंचे दोन होतात, म्हणजे जागा कमी लागते. दाब वाढवला की अमोनियाची बाजू वरचढ. १९०१ मध्ये त्याने स्वतः हा प्रयोग करून पाहिला, पण उपकरणाचा स्फोट झाला आणि त्याने तो नाद सोडला.

आता परत हॅम्बुर्गला येऊ. गंमत अशी की हाबरचा आधीचा आकडा चुकला होता, हे नर्न्स्टचं म्हणणं बरोबरच होतं. त्याने ७५ पट वातावरणीय दाबापर्यंत प्रयोगही केले होते. पण त्याला आकडा हवा होता, तो मिळाला आणि तो तिथे थांबला. हाबरला तो अपमान फार लागला. तो कार्ल्सरूहला परतला आणि जर्सी बेटावरून आलेल्या रॉबर्ट ल रोसिन्योल या सहकाऱ्याबरोबर कामाला लागला. ल रोसिन्योलचा हात यंत्रात बसलेला. त्याने बनवलेल्या झडपा २०० पट दाब सहन करायच्या.

या दोघांनी तीन गोष्टी जोडल्या. पहिली, दाब. दुसरी, उत्प्रेरक, म्हणजे घाटाखालून काढलेला बोगदा. बोगद्याने वाई आणि पोलादपूरची उंची बदलत नाही, समतोलही बदलत नाही. पण चढण कमी होते, म्हणून कमी तापमानात काम भागतं. त्यांचा बोगदा होता ऑस्मियम या दुर्मिळ धातूचा. २०० पट दाब आणि ५०० अंशाला समतोलात अमोनिया येतो सुमारे १७ टक्के. कुठे लाखात पाच आणि कुठे हे!

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण माझा दिवस कोड लिहिण्यात जातो आणि हा सरळसरळ लूप आहे. एका फेरीत सगळा वायू बदलत नाही ना? नको बदलू दे. बाहेर आलेलं मिश्रण थंड करायचं, अमोनिया द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला वायू परत आत पाठवायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. समतोलाचा नियम मोडलाच नाही. फक्त हिशेब बरोबरीत येऊन तिथेच बसून राहू दिला नाही.

१ जुलै १९०९. बीएएसएफ कंपनीची माणसं प्रयोग बघायला कार्ल्सरूहला आली. त्यात कार्ल बॉश आणि ॲल्विन मिटाश होते. आणि नेमका उपकरणाचा एक बोल्ट तुटला! डेमोच्या दिवशीच सिस्टीम पडते, हा नियम तेव्हाही होता. बॉश निघून गेला, मिटाश थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने डोळ्यांनी पाहिलं, नळीतून अमोनिया थेंबाथेंबाने पडतोय.

पुढचं काम बॉश आणि मिटाशचं. ऑस्मियम जगात पुरेसा नव्हता, म्हणून मिटाशच्या चमूने हजारो मिश्रणं तपासली आणि शेवटी साधं लोखंडच, थोडी भर घालून, कामाला आलं. बॉशपुढे वेगळंच संकट होतं. गरम हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करायचा, नळ्या फुटायच्या. त्याने नळीत नळी घातली. आतली मऊ लोखंडाची, बाहेरची पोलादाची आणि तिला बारीक भोकं, म्हणजे आतून झिरपलेला हायड्रोजन बाहेर निघून जाईल. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

मधल्या काळात, १९१२ मध्ये, हाबरच्या पेटंटला लाइपझिगच्या न्यायालयात आव्हान मिळालं. हाबरच्या बाजूने साक्ष द्यायला कोण उभं राहिलं? नर्न्स्ट! कंपनीने त्याआधी त्याच्याशी सल्ल्याचा करार केला होता, हेही सांगायलाच हवं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण १९१४ ला युद्ध सुरू झालं, जर्मनीला चिलीचा सोरा मिळेना, आणि ज्या अमोनियातून खत होणार होतं त्यातूनच स्फोटकं बनू लागली. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्या कामाचा सूत्रधार स्वतः हाबर होता. काही दिवसांतच त्याची पत्नी क्लारा, जी स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट होती, तिने जीव दिला. हाबरला १९१८ चं नोबेल मिळालं. १९३३ मध्ये नाझी सत्तेत आले, ज्यू घरात जन्मलेल्या हाबरला देश सोडावा लागला, आणि पुढच्याच जानेवारीत तो बाझेलमध्ये वारला.

आज आपल्याकडे ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला खताचे कारखाने आहेत. तिथला अमोनियाही याच मार्गाने होतो: दाब, लोखंडी उत्प्रेरक आणि तो परत परत फिरणारा वायू. त्यातून युरिया बनतो आणि गोणीतून शेतावर जातो. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न अशा कारखान्यातल्या नायट्रोजनवर उभं आहे. तुमच्या ताटातल्या पोळीतही त्यातलं काही असेल.

मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. नर्न्स्टने आकडा काढला आणि तो तिथेच थांबला. हाबरचा आकडा आधी चुकला, चारचौघांत चुकला, पण त्याने पुढचा प्रश्न विचारला: एवढंच मिळत असेल, तर एवढ्यावर कसं भागवायचं? उत्तर सापडलं. त्या उत्तराचं पुढे काय करायचं, हे मात्र रसायनशास्त्र सांगत नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!