टेड विल्यम्सची तारांबळ

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या आईबाबांनो, थोडा इतिहास.

१८८७ साली शिकागोत हा खेळ बंद हॉलमध्ये जन्मला: बॉक्सिंग ग्लोव्हचा चेंडू, झाडूच्या दांड्याची बॅट. बॅटिंगचं शास्त्र मात्र बेसबॉलकडून आलं. १९४१ मध्ये ०.४०६ सरासरी काढणारा टेड विल्यम्स सांगायचा, आधी कंबर वळते, मग हात येतात. चेंडू वरून खाली येतो, म्हणून बॅट किंचित वर जाते.

१९६० च्या दशकात कनेक्टिकटमध्ये एका प्रदर्शनी लढतीत तोच विल्यम्स जोन जॉइससमोर उभा राहिला आणि त्याची बॅट जवळजवळ रिकामीच फिरली! बेसबॉलचा चेंडू ६० फुटांवरून, उंचवट्यावरून येतो. तिचा यायचा सुमारे ४० फुटांवरून, कमरेखालून.

विल्यम्सची जिथे तारांबळ उडाली, तिथे आपली लेक दर शनिवारी उभी असते. कंबर आधी, हे विल्यम्सकडून जरूर घ्या. वेळ मात्र सॉफ्टबॉलची: चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत हिचं पुढचं पाऊल टेकलेलं हवं. नुसत्या टीवर ठेवलेल्या चेंडूने हे अंगात येत नाही, समोरून कुणीतरी खालून चेंडू टाकायला हवा.

आणि कुंपणाबाहेरून ‘बॅट सरळ!’ ओरडणं? ते क्रिकेटचं. तेवढं आवरूया.