पांढऱ्या केसांतील पिवळी झाक

कलप किंवा मेंदी बंद करून केस मूळच्या रुपेरी रंगावर येऊ देताना त्यांत दिसणारी पिवळट वा तांबूस छटा.

केस पिकतो तेव्हा त्याच्या मुळातील रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरवेनाशा होतात. करडेपणा हा बहुतांशी काळे आणि पांढरे केस एकमेकांत मिसळल्याने होणारा भास असतो. रंगद्रव्य नसलेल्या केसातील केराटिन हे प्रथिन मुळातच किंचित दुधाळ पिवळे असते. शिवाय वर बसलेला डाग झाकायला काळा रंग उरलेला नसतो. तेच डाग काळ्या केसांवरही बसतात, पण दिसून येत नाहीत.

हा पिवळेपणा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वरून बसणारा पिवळेपणा बोअरच्या पाण्यातील लोहाने, सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने आणि गडद रंगाच्या तेलांनी येतो. क्षार धरून ठेवणारे ईडीटीए असलेला शाम्पू अधूनमधून वापरला की तो बराच उतरतो. खाण्याच्या सोड्याने केस घासू नयेत. सोडा अल्कधर्मी असल्याने केसावरचे खवले उघडतात आणि केस आणखी खरखरीत होतो. आतला पिवळेपणा उन्हाचा असतो. अतिनील किरणांनी केराटिनमधील ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्ले विघटित होतात. उन्हात राहिलेली पांढरी लोकर पिवळी पडते तीही याच कारणाने. केस सरळ करण्याच्या तापलेल्या पट्टीनेही असेच नुकसान होते. हा पिवळेपणा धुऊन जात नाही. म्हणून उन्हात पदर, ओढणी किंवा टोपी घेणे कोणत्याही बाटलीपेक्षा मोलाचे.

संक्रमणाच्या काळात यात जुन्या रंगाची भर पडते. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंमी वाढतो. म्हणजे ३० सेंमी लांबीचे केस पूर्ण बदलायला दोन ते अडीच वर्षे लागतात आणि तोवर टोकांना जुना रंग राहतो. कायम टिकणाऱ्या कलपातील हायड्रोजन पेरॉक्साइडने न पिकलेल्या केसांचे मेलॅनिनही फिके झालेले असते. कृत्रिम रंग विटला की खालची तांबूस छटा उघडी पडते. मेंदीचे प्रकरण अधिक चिवट. तिच्यातील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनला घट्ट धरते आणि पांढऱ्या केसावर नारिंगी दिसते. ती टोके थोडी थोडी कापत जाणे हाच खात्रीचा मार्ग.

पिवळी झाक लपवायला वापरतात त्या जांभळ्या शाम्पूचे तत्त्व मराठी घराला नवे नाही. धुतलेल्या धोतराला नीळ देत, ती याचसाठी. पिवळ्यावर त्याचा विरोधी रंग चढला की दोन्ही एकमेकांना मारतात आणि डोळ्याला पांढरे दिसते. पिवळ्याला जांभळा आणि नारिंगीला निळा, अशी जोडी लागते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटन-अमेरिकेतील वयस्क स्त्रियांमध्ये रूढ असलेला ‘ब्लू रिन्स’ही याच तत्त्वावर आधारलेला होता. कपड्यांची नीळ मात्र केसांना लावू नये.

जांभळा शाम्पू पिवळेपणा काढत नाही, झाकतो. त्यामुळे आधी क्षार उतरवून मग तो लावावा. आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटे ठेवणे पुरते. रुक्ष, सच्छिद्र टोके रंग अधिक शोषतात. जास्त वेळ ठेवल्यास तीच आधी जांभळी दिसू लागतात, पण पुढच्या काही साध्या धुण्यांत ती छटा उतरते.