खुर्ची झुकली की हात आवरायचा

जेवणाचं टेबल मांडलेलं आहे. खुर्चीचे पाय मात्र जमिनीला टेकलेले नाहीत. ती वर अडकवलेल्या एका लांब दांडीच्या काट्याला टांगलेली आहे आणि तिच्यात बसून एक माणूस शांतपणे जेवतो आहे. सान्तोरिओ सान्तोरिओ या इटालियन वैद्याच्या ग्रंथाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हे चित्र सापडतं. त्याचा जन्म १५६१ चा, आज स्लोव्हेनियात असलेल्या कोपर गावचा. १६११ पासून तो पादुआच्या विद्यापीठात वैद्यक शिकवू लागला आणि १६१४ मध्ये त्याचं वजनमापनाच्या वैद्यकावरचं सूत्ररूप पुस्तक व्हेनिसला छापून निघालं. किती खायचं ते ठरवून काटा आधीच लावून ठेवायचा, ही त्या खुर्चीची युक्ती. तेवढं अन्न पोटात गेलं की खुर्ची किंचित खाली झुके. मग हात आवरायचा.

सान्तोरिओला खरा ध्यास होता तो हिशेबाचा. काय खाल्लं, किती प्यायलं, शरीराबाहेर किती गेलं, हे तो वर्षानुवर्षं तोलत राहिला. जमा आणि खर्च काही केल्या जुळेना. आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं तर त्यातलं सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता त्वचेवाटे आणि श्वासावाटे निघून जातं, असा निष्कर्ष त्याने काढला. आकडा आज कोणी जसाच्या तसा मानणार नाही. एक गोष्ट मात्र त्याने कायमची दाखवून दिली: एकाच माणसाचं वजन उठल्यावर एक असतं, जेवल्यावर दुसरं, रात्री तिसरं, आणि यात आजारपणाचा किंवा लठ्ठ होण्याचा काहीही संबंध नसतो.

आपल्याकडे माणूस पारड्यात बसे तो दानासाठी. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. इंग्रजांच्या तेव्हाच्या कागदपत्रांत सुमारे १६,००० होनांचा उल्लेख आहे. नवसाच्या लेकराची देवापुढे गुळाने तुला करण्याची रीत अजूनही आहे, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला ग्रंथतुला, रक्ततुलाही होतात. वजन जितकं जास्त तितकं पुण्य मोठं. त्या पारड्यात बसलेल्याला आपल्या आकड्याची लाज वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

ती लाज वेगळ्या वाटेने आली. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर बेरी ब्रदर्स यांचं दुकान आहे. तिथला माल तोलण्याच्या मोठ्या काट्यावर १७६५ पासून गिऱ्हाइकंही बसू लागली आणि त्यांची वजनं वहीत चढू लागली. कवी बायरनचीही नोंद तिथे आहे. १८०६ मध्ये १३ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ८८ किलो, आणि १८११ मध्ये नऊ स्टोनच्याही खाली, म्हणजे ५७ किलोच्या आत. व्हिनेगर, बिस्किटं, सोडावॉटर यांवर दिवस काढून त्याने शरीर आटवलं होतं. त्या वहीतल्या दोन ओळींमध्ये किती भूक दडलेली आहे, हे आकडे वाचून कळत नाही.

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर स्वतःचं वजन बघण्याचं हे कुतूहल सगळ्यांच्या आवाक्यात आलं. रंगीत दिव्यांचं उभं यंत्र, काचेआड फिरणारी लाल-पांढरी चकती. ती चकती थांबेपर्यंत दम धरायचा, मग नाणं टाकायचं. खट्‌कन पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडे. एका बाजूला वजन आणि भविष्याची एखादी ओळ, दुसऱ्या बाजूला सिनेनटाचा किंवा नटीचा फोटो. मुलं फोटोसाठी भांडत, मोठी माणसं भविष्य वाचत. वजन बघून झालं की तिकीट खिशात जाई आणि पुढच्या प्रवासापर्यंत विसरलं जाई.

आता काटा न्हाणीघराच्या दारात येऊन बसला आहे. दशांशापर्यंत आकडा दाखवतो, फोनला जोडलेला असतो. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाइतकं त्याच्याकडे दुसरं कोणी पाहत नसेल.

या शस्त्रक्रियांची सुरुवात १९५४ मधली, अमेरिकेतल्या मिनेसोटाची. तिथे आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळचा रस्ता दिला गेला. वजन उतरलं, पण जुलाब, यकृताचे विकार असे त्रास इतके झाले की ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीकच राहतात हे हेरलं आणि १९६६ मध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडला. हा गॅस्ट्रिक बायपास. आज जास्त होणाऱ्या स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. सान्तोरिओची झुकणारी खुर्ची जणू माणसाच्या पोटातच बसवली जाते. चार घास झाले की आतूनच खूण होते.

त्यानंतरचे आठवडे काट्यावरचे असतात. शस्त्रक्रियेत शिरेतून सलाइन दिलेलं असतं, त्यामुळे घरी आल्यावर काहींचं वजन आधीपेक्षा जास्त भरतं आणि रुग्ण हादरतो. मग ते भराभर उतरतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते, आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जातं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा अचानक हटून बसतो. आठ-दहा दिवस तोच आकडा, कधी अर्धा किलो वरच. चरबी आत जळतच असते, शरीर फक्त पाणी परत साठवतं. बद्धकोष्ठ, पाळीचे दिवस, आदल्या रात्रीचं पापड-लोणचं, एवढ्यानेही किलोभर इकडचं तिकडे होतं. म्हणून सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, कडक फरशीवर वजन करावं आणि रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याची चाल बघावी, असं सांगितलं जातं. हे सांगणं चारशे वर्षांपूर्वीच्या त्या टांगत्या खुर्चीतूनच आलेलं आहे, आणि प्रत्येक रुग्णाला ते शस्त्रक्रियेआधीच कळायला हवं. आकड्याला घाबरून काटा कपाटावर ठेवून देणाऱ्यांचीही काळजी वाटते. अमेरिकेत १९९४ पासून, वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात.

सर्वांत जिव्हारी लागतं ते दोन-तीन वर्षांनी परत चढणारं वजन. रुग्ण ते स्वतःचं अपयश समजतो, नातेवाईक तसं बोलूनही दाखवतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून ४,०४७ स्थूल माणसांचा मागोवा घेतला गेला. त्यातल्या निम्म्या जणांची शस्त्रक्रिया झाली होती. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. १२० किलोच्या माणसाच्या हिशेबात सांगायचं तर ८२ पर्यंत उतरून पुन्हा ९०. इतर पद्धतींत उतरलेल्या वजनाचा याहून मोठा वाटा परतला. तरीही २००७ मध्ये निकाल छापले गेले तेव्हा शस्त्रक्रिया न झालेल्या गटात १२९ मृत्यू झाले होते आणि झालेल्या गटात १०१. त्या गटातल्या कित्येकांनी गेलेले किलो थोडेफार पुन्हा अंगावर घेतले होते, आणि त्यांच्यासह मोजूनच हा फरक आला होता.