बैलाचा चिमटा आणि कुत्रीची पिशवी

हिंजवडीच्या इमारती मुळशीतील नेरे गावाच्या शिवेला येऊन भिडल्यापासून पट्ट्याने बांधलेली कुत्री तेथे अधिक दिसू लागली आहेत. आणि ज्या घरांत गोऱ्हा बडवण्याविषयी कोणास कधी शंका आली नाही, त्याच घरांत कुत्रीची ‘नसबंदी’ करावी की नाही, याचा खल चालतो. ही शस्त्रक्रिया कुटुंबनियोजनाचे धाकटे भावंड असून नावच त्याचा दाखला आहे, असा समज रूढ आहे. मला तो साफ नामंजूर आहे.

नसबंदीत शुक्रवाहिनी तेवढी बांधतात. वृषण जागेवर राहून त्यांचा स्राव चालूच असतो. कुत्र्याचे मात्र वृषणच काढतात, आणि कुत्रीचे अंडाशय, बहुधा गर्भाशयासह, म्हणजे बोलीत ‘पिशवी’. लाभ पदरात पडतो तो या ग्रंथी गेल्यामुळे. नुसती नस बांधली असती, तर कुत्री माजावर आलीच असती, पिशवीत पू होण्याचे जीवघेणे दुखणे टळले नसते, आणि बोक्यानेही भिंतीवर उग्र मूत्र उडवणे सोडले नसते. 1969 च्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रींत स्तनाच्या गाठींचा धोका, न झालेल्यांच्या मानाने, अवघ्या अर्ध्या टक्क्यावर आलेला आढळला. दोन माज उलटल्यावर तो 26 टक्के होता.

तेव्हा कुळ शोधावे ते गोठ्यात. गोऱ्ह्याला पाडून, पाय आवळून, अंडावरची शीर ठेचीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या बर्डिझोने लांब मुठींचा चिमटा घडवला. तो कातडी न फाडता शीर चिरडतो आणि रक्ताअभावी वृषण सुकतात.

परंतु आपल्या गोठ्यात गाय कोणी बडवली नाही. मादीचे कुळ सापडते ते थेट ग्रीसमध्ये, तेही डुकरांत! ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की डुकरिणीला दोन दिवस उपाशी ठेवून, मागल्या पायांनी उलटी टांगून पोट चिरावे, अंडाशयाचा भाग काढून टाके घालावेत. हेतू, माज शमावा व ती पुष्ट व्हावी. आजही शस्त्रक्रियेआधी कुत्री उपाशी ठेवतात. कारण निराळे, भुलीत उलटी श्वासनलिकेत जाऊ नये हे. तरी मला ती वंशाची खूणच वाटते. डुकरिणीपासून कुत्रीपर्यंतची साखळी कागदोपत्री सलग नाही, पण जो हात डुकरिणीवर चालला तोच शिकारी कुत्रीवर चालला असणार, याविषयी मी निःशंक आहे. पुढची भूल आणि जंतुनाशन सर्वपरिचित आहेत.

प्रतिपक्ष मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राणिसेवी संस्थेकडे आणि केंद्राच्या कुत्र्यांविषयीच्या 2001 च्या नियमांकडे बोट दाखवील. तेथे ‘जन्म नियंत्रण’ हाच शब्द होता. मान्य, पण तो बंदोबस्त भटक्या कुत्र्यांच्या संख्येचा. ओसरीवरल्या कुत्रीच्या धन्याला संख्येशी कर्तव्य नाही. त्याने पशुवैद्याला विचारावे ते एवढेच, की पिलू मोठ्या जातीचे असेल तर सांधे भरेपर्यंत किती महिने थांबावे.