रूप गाळल्यावर उरणारा आशय : क्लिपबोर्ड आणि मराठी संहिता

साहित्यकृतीचा आशय तिच्या रूपापासून विलग करता येतो काय, हा मराठी समीक्षेचा जुना प्रश्न आहे. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथानंतर तो निरनिराळ्या परिभाषांत मांडला गेला. या चर्चेत रूप म्हणजे घाट, रचना, लय असा अर्थ अभिप्रेत होता. कागदावर उमटलेल्या अक्षराचे रूप मात्र समीक्षेच्या कक्षेत आले नाही. ते खिळे जुळवणाऱ्याचे आणि मुद्रिते तपासणाऱ्याचे क्षेत्र मानले गेले. संहिता ही आपल्यापुढे सिद्ध स्वरूपात येते आणि अर्थनिर्णयनाचे काम त्यानंतर सुरू होते, असे आपण गृहीत धरले. हे गृहीतक एका अगदी सामान्य कृतीने अडचणीत आणले आहे. संगणकाच्या पडद्यावरून मजकूर उचलायचा आणि दुसरीकडे चिकटवायचा, ही ती कृती. या दोन क्षणांच्या मध्ये मजकूर जेथे थांबतो त्या जागेस क्लिपबोर्ड म्हणतात. मराठी संहितेच्या अलीकडच्या इतिहासातील एक मोठी पडझड याच जागी झाली आहे.

या कृतीचे मूळ छापखान्यातच आहे. कात्रीने मजकुराची पट्टी कापावी आणि डिंकाने दुसऱ्या कागदावर डकवावी, ही संपादकीय टेबलावरील जुनीच रीत. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी १९७४–७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ नावाची लेखनप्रणाली तयार केली, ती गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी. त्यांची कात्री आणि डिंक पडद्यावर आणणे हा तिचा एक हेतू होता. पुढे १९८३ मध्ये ॲपलच्या ‘लिसा’ने आणि १९८४ मध्ये ‘मॅकिंटॉश’ने ही कृती सर्वसामान्यांच्या हाती दिली. या सोयीची एक मर्यादा दीर्घकाळ टिकली. क्लिपबोर्डवर एका वेळी एकच मजकूर राही; नवा उचलला की जुना नाहीसा होई. विंडोज प्रणालीत मागील मजकुरांचा संग्रह २०१८ साली समाविष्ट झाला. तोपर्यंत ही उणीव छोट्या स्वतंत्र साधनांनी भरून काढली. जुने मजकूर साठवून ठेवणे आणि चिकटवण्यापूर्वी मजकुराची सजावट काढून त्याला ‘साधा’ करणे, ही त्यांची दोन मुख्य कामे.

यांतील दुसरे काम आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मजकूर उचलला जातो तेव्हा संगणक त्याची एकच प्रत ठेवीत नाही. फाँट, आकार, ठळकपणा यांच्यासह एक प्रत असते आणि केवळ वर्णक्रमांकांची एक प्रत असते. मजकूर घेणारा प्रोग्राम आपल्याला उमगेल ती प्रत स्वीकारतो. ‘साधे’ करणारे साधन पहिली टाकून दुसरी ठेवते. म्हणजे आशय आणि रूप यांची फारकत येथे तत्त्वचर्चेचा विषय राहत नाही. ती एका कळीने घडते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यास यात काहीच गमावल्यासारखे वाटत नाही. अक्षरांचे वळण जाते, शब्द राहतात. हा अनुभव सार्वत्रिक आहे, अशी या साधनांची धारणा असते.

नव्वदीच्या दशकातील मराठीस हा अनुभव लागू पडत नव्हता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९८८ मध्ये सिद्ध झाले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्यावर काम केले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. परंतु छपाईच्या व्यवहारात जे रुळले ते निराळेच. निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत देवनागरीचे तुकडे (अर्धा ख, काना, रफार, वेलांटी) रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. मराठी टंकलेखनयंत्राचा तर्क त्यामागे होता. आकार शेजारी शेजारी ठेवावेत आणि डोळ्यांनी ते जोडून घ्यावेत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होता. त्यास मराठी करीत होता तो केवळ फाँट. तो गळून पडताच मराठी उरत नसे. इतरत्र जो अलंकार होता, तोच येथे देहाचे काम करीत होता.

मराठीच्या इतिहासात याचे एक पूर्वरूप सापडते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराऐवजी दुसरे लिहायचे, अशी त्यांची रीत. किल्ली हाती नसलेल्या वाचकाला मराठीच मजकूर परका होई, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती किल्ली अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत हे वाङ्मय पंथाबाहेर अज्ञात राहिले. महानुभावांनी हे हेतुपूर्वक केले होते. नव्वदीच्या फाँटनिर्मात्यांनी तेच हेतूवाचून केले, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी होती.

नक्कल आणि संहिता यांच्या या संबंधाचा विचार करताना कल्याणपलीकडील तीन गावे एकत्र आठवतात. लोकलच्या एकाच मार्गावर क्रमाने येणारी ही स्थानके नक्कल करण्याच्या तीन रीतींची साक्ष देतात.

अंबरनाथ येथे वालधुनीच्या काठी शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्यातील मुम्मुणिराजाच्या शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनी ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या वाचनानंतर तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा स्थिर झाला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. तरीही ही चूक दुरुस्त होऊ शकली, याचे कारण दगड जागेवर होता. ठसा पुन्हा घेता येत होता, डोळे पुन्हा लावता येत होते. नक्कल कितीही सदोष असली तरी मूळ शिल्लक असेल तर पाठचिकित्सा शक्य असते, हे तत्त्व अंबरनाथच्या शिळेने शिकवावे.

उल्हासनगरची कथा याच्या उलट आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ हे शब्द अजूनही पत्त्यांत टिकून आहेत. येथे माणसेच एका भूमीतून उचलून दुसरीकडे ठेवली गेली होती, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या भाषेला नव्या जागी कोणती लिपी असावी, असा प्रश्न निर्माण झाला. सिंध मुंबई इलाख्यात असताना १८५३ मध्ये बावन्न अक्षरांची अरबी वळणाची वर्णमाला तेथे निश्चित झाली होती. स्वतंत्र भारतात १९५० मध्ये सरकारने देवनागरीची निवड केली, आणि विरोध झाल्यावर १९५१ मध्ये दोन्ही लिप्यांना मान्यता दिली. त्या वादाने सिंधी साहित्यिकांत दीर्घकाळ फूट पाडली.

हा वाद भावनेपुरता नव्हता, हे संगणकाने स्पष्ट केले. अरबी वळणाच्या सिंधीत ‘स’ या एकाच उच्चारासाठी तीन अक्षरे आहेत, ‘झ़’साठी चार, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. देवनागरीतील सिंधी मजकूर तिकडे न्यायचा तर अक्षराजागी अक्षर ठेवून भागत नाही. प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक असावी लागते. उलट देवनागरीत सिंधीचे चार अंतःस्फोटक ध्वनी दाखवण्यासाठी ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ लागते. त्यांची स्वतंत्र अक्षरे युनिकोडमध्ये आली ती २००६ साली. तोवर ती रेघ वेगळे चिन्ह म्हणून जोडावी लागे, आणि मजकूर ‘साधा’ करताना असे जोडचिन्ह हरवले तर ध्वनीच हरवतो. सिंधी व्यापाऱ्यांची खुदाबादी लिपी आणि आपली मोडी या दोन्ही युनिकोडमध्ये एकाच वर्षी, २०१४ साली, दाखल झाल्या. दोन्ही वह्यांत जगल्या, दोन्हींना छापखान्याने बाजूला सारले. हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. छपाईयोग्य लिपी कोणती, हे ठरवण्याची सत्ता दोन्ही भाषांबाबत मुंबई इलाख्याच्या एकाच शासनाकडे होती.

उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपल्याकडे सर्वपरिचित आहे. त्यात मूळ आणि नक्कल यांविषयीची एक श्रेणीव्यवस्था दडलेली असते. जे सर्वस्व मागे ठेवून आले, त्यांच्या कौशल्याला आपण नक्कल म्हणून हसलो. दुसऱ्याच्या अक्षरांचे क्रमांक उसने घेऊन आपली मराठी मात्र आपण वीस वर्षे छापीत होतो, याचे भान त्या हसण्यात नव्हते.

बदलापूरपर्यंत आलो की हा प्रश्न आपल्याच नियतकालिकांचा होतो. येथील ग्रंथसखा वाचनालयाने जुने मराठी ग्रंथ आणि नियतकालिके जमवण्याचे काम केले. अशा संग्रहाचे मोल नव्वदीच्या दशकाच्या बाबतीत वेगळ्या कारणाने वाढते. त्या काळातील मराठी मजकूर कागदावर आणि फ्लॉपीवर अशा दोन रूपांत तयार झाला. कागद आज वाचता येतो. फ्लॉपीवरचा मजकूर उघडला तरी फाँटावाचून निरर्थक दिसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, आणि ही रूपांतरे कोठल्याही चिकित्सेविना बहुधा क्लिपबोर्डमार्गेच होतात. जुना मजकूर उचलायचा, रूपांतरकाच्या चौकटीत टाकायचा, निघेल तो नव्या दस्तऐवजात चिकटवायचा. कागद अमर आहे असेही नव्हे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी बदलापुरातील घरांत शिरले होते. परंतु भिजलेला कागद आपण भिजलो आहोत हे सांगतो. बिघडलेली फाइल ते सांगत नाही.

रूपांतरात नेमके काय बिघडते, हे पाहिले पाहिजे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाआधी दिसते; जुन्या फाँटांत ती आधीच साठवली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे. त्यामुळे रूपांतरकास आकारांचा क्रम मोडून उच्चारांचा क्रम लावावा लागतो, आणि जोडाक्षरांपाशी तो चुकतो. याहून सूक्ष्म प्रकरण अर्ध्या ‘र’चे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. हा भेद युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एक लिहिले तर दुसरे सापडेलच असे नाही. मजकूर स्वच्छ करणारी काही साधने अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. मग सह्याद्रीच्या दऱ्या क्षणार्धात दर्या होतात. प्रस्तुत लेखकाच्या एका जुन्या लेखाच्या रूपांतरात हेच घडले होते आणि दोन वाचनांत ते ध्यानात आले नाही, कारण शब्द शुद्धच होता, फक्त आपला नव्हता.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. युनिकोडने भाषा वाचवली, पण वळण सोडून दिले. मराठी आणि हिंदी वळणांच्या ‘ल’ आणि ‘श’ यांना एकच क्रमांक आहे; कोणते वळण दिसावे, हे फाँटावर अवलंबून. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरवले, तरी चिकटवलेला मजकूर यजमान प्रोग्रामच्या फाँटाचेच वळण घेतो. पूर्वी रूप गेले की भाषा जाई. आता भाषा राहते आणि तिचा चेहरा बदलतो. यांतील कोणती हानी मोठी, हे स्पष्ट आहे. पण दोन्ही ठिकाणी रूपाला गौण मानणारे गृहीतक एकच आहे, आणि ते मराठीच्या अनुभवातून आलेले नाही.

यावरून एक व्यावहारिक अपेक्षा निघते. हस्तलिखिताची प्रत तपासताना आपण लिपिकाराचे नाव, शक, स्थळ पाहतो. प्रत कोणत्या परंपरेतली हे ठरवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही पाठांची विकृती दिसली म्हणून. नव्वदीतील साहित्याच्या आज निघणाऱ्या आवृत्त्यांनाही हीच कसोटी लावावी. संहिता कागदावरून पुन्हा टंकित केली की जुन्या फाइलीवरून रूपांतरित केली, हे संपादकाने सांगावे. रूपांतर झाले असेल तर छापील प्रतीशी ती ओळीने ओळ ताडून पाहावी. जुनी फाइल आणि तिचा फाँट दोन्ही सांभाळावेत, कारण फाँट हीच तिची किल्ली आहे.

अंबरनाथच्या शिळेपाशी पुन्हा जाता आले, म्हणून दोनशे वर्षांची चूक दुरुस्त झाली. आपल्या दशकाची शिळा म्हणजे बदलापुरासारख्या गावांतील कपाटांत राहिलेले छापील अंक. त्यांच्याशी ताडून पाहणारे डोळे आहेत तोवरच चिकटवलेल्या मजकुराला संहिता म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहील.