रॉक क्रॉलरची चेसी : निवड आणि बदल

रेडिओ-नियंत्रित रॉक क्रॉलर हा खडक, धोंडे आणि नाल्यांची पात्रे यांवरून अतिशय संथ गतीने चढ-उतार करणारा छोटा ट्रक. त्याच्या चारही चाकांना मोटरची चालना मिळते आणि प्रचलित आकार मूळ वाहनाच्या एक-दशांश असतो. मोटर, गिअरबॉक्स, बॅटरी, शॉकअब्सॉर्बर, एक्सलला धरून ठेवणारे दांडे म्हणजे लिंक आणि वरची बॉडी हे सारे ज्या सांगाड्यावर बसते, ती चेसी. चेसी निवडताना पहिला विचार सहसा धातूचा आणि मजबुतीचा होतो. प्रत्यक्षात एवढ्या लहान आकारात मजबुती जवळजवळ फुकटात पदरी पडते. वजन किती खाली ठेवता येते, ते पुढच्या व मागच्या चाकांत कसे वाटले जाते आणि पोटाखाली किती जागा मोकळी राहते, या तीन गोष्टींवर चेसीची खरी लायकी ठरते. जालना जिल्ह्यासारख्या बेसाल्टाच्या मुलखात या गोष्टी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

प्रकार : या छंदाच्या सुरुवातीच्या काळात तामिया या जपानी कंपनीच्या १९८७ मधील ‘क्लॉड बस्टर’ या मॉन्स्टर ट्रकचे एक्सल घेऊन त्यांवर घरी कापलेल्या पट्ट्यांचे सांगाडे बसवले जात. पुढे अ‍ॅक्सिअलचा ‘एससीएक्स१०’ (२००९) आणि ट्रॅक्ससचा ‘टीआरएक्स-४’ (२०१७) या तयार गाड्यांनी शिडीसारखी, म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे अशी चेसी रूढ केली. नळ्यांच्या पिंजऱ्यासारखी चेसी हा दुसरा प्रकार. तिच्यात बॉडी आणि सांगाडा एकच असतात. तिसरा प्रकार कमी गुरुत्वमध्याच्या चेसीचा. तिच्यात कार्बन फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट पट्ट्यांना असा आकार दिलेला असतो, की बॅटरी व मोटर खाली सरकतात, बॉडी खाली बसते आणि पोटाखालची मधली संरक्षक पट्टी म्हणजे स्किड प्लेट मात्र वर उचललेली राहते. बाजारात हा तिसरा प्रकार सर्वांत महाग आणि सर्वांत आकर्षक समजला जातो.

मजबुतीचा प्रश्न : एखादे वाहन सर्व बाजूंनी एक-दशांश केले, तर त्याच्या भागांचे छेदक्षेत्र शंभर पटींनी घटते, पण वजन हजार पटींनी घटते. म्हणजे तोच धातू वापरला, तरी वजनाच्या मानाने ताकद दहापट होते. महिंद्राची नाशिकला बनणारी, २०२० साली आलेली थार शिडी-चेसीचीच आहे आणि तिचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास भरते. तिची तंतोतंत एक-दशांश प्रतिकृती पावणेदोन किलोची व्हायला हवी. क्रॉलर तीन किलोचा धरला, तरी दोन मिमी. जाडीच्या पोलादी पट्ट्यांना तो भार किरकोळ ठरतो. चेसी मोडण्यापेक्षा लिंकचा गोलक निखळणे, चाके वळवणाऱ्या सर्व्होचे दाते जाणे किंवा प्रोपेलर शाफ्ट पिळणे याचीच शक्यता अधिक. पट्ट्यांकडून अपेक्षा एवढीच, की त्या पिळवटू नयेत आणि एकमेकींना समांतर राहाव्यात. चेसी पिळवटली, तर ती दमन नसलेल्या स्प्रिंगसारखी वागू लागते आणि शॉकअब्सॉर्बरची जुळणी निरर्थक होते.

वजनाचे गणित : उदाहरणादाखल तीन किलोचा ट्रक घ्या. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० मिमी. उंचीवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतले अंतर २०० मिमी. आहे. हा ट्रक आडव्या उतारावर ४५ अंशांना कलंडेल. आता ११० मिमी. उंचीवरची पोलादी चेसी काढून तिच्या जागी २०० ग्रॅम हलकी कार्बन फायबरची बसवली, तर गुरुत्वमध्य जेमतेम ०.७ मिमी. खाली येतो. तेवढ्याच वजनाची बॅटरी १५० मिमी. वरून ९० मिमी. वर आणली, तर तो ४ मिमी. खाली येतो. एक्सलवर, म्हणजे सुमारे ५५ मिमी. उंचीवर २०० ग्रॅम पितळ चढवले, तर २.८ मिमी. खाली येतो. कठीण प्लॅस्टिकची बॉडी व तिच्यावरचे धातूचे कॅरिअर काढून पातळ पॉलिकार्बोनेटची बॉडी घातली आणि १८० मिमी. उंचीवरचे २५० ग्रॅम वजन वाचवले, तर ७ मिमी.हून अधिक फरक पडतो. बॉडी आणि बॅटरी हे दोनच बदल केले, तरी गुरुत्वमध्य सुमारे ८८ मिमी.पर्यंत खाली येतो आणि कलंडण्याचा कोन ४८ अंशांच्या पुढे जातो. सर्वांत महागड्या बदलाचे फळ सर्वांत कमी, हे या आकड्यांतून उघड होते. महागड्या चेसीचा खरा उपयोग तिच्या हलकेपणात नसून बॅटरीला खाली जागा करून देण्यात आहे, आणि ती जागा साध्या पोलादी चेसीवरही पुढच्या बाजूला एक पट्टी लावून करता येते.

व्हीलबेस : चढावर ट्रक मागे उलटण्याचा प्रश्न याच गणिताने सुटतो. प्रचलित ३१२ मिमी. व्हीलबेस (पुढच्या व मागच्या एक्सलमधले अंतर), १०० मिमी. उंचीचा गुरुत्वमध्य आणि पुढे-मागे समान वजन असेल, तर ५७ अंशांच्या चढावर ट्रक मागे उलटतो. ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर नेले, की हाच कोन ६२ अंशांच्या जवळ पोहोचतो. थारची खरी प्रतिकृती करायची, तर तिचा २,४५० मिमी. व्हीलबेस २४५ मिमी. वर येतो आणि समान वजनवाटपात उलटण्याचा कोन ५१ अंशांपर्यंत खाली घसरतो. उलट आखूड ट्रक धोंड्यावर पोट टेकून कमी अडकतो. पोटाखाली ७० मिमी. जागा असेल, तर ३१२ मिमी.चा ट्रक सुमारे ४८ अंशांचा उंचवटा पार करतो, २४५ मिमी.चा सुमारे ५९ अंशांचा. थार रॉक्सचा (२०२४) व्हीलबेस २,८५० मिमी. आहे, तिच्या प्रतिकृतीचे २८५ मिमी. हे माप या दोहोंच्या मधले आहे. भारतीय गाडीची बॉडी पसंत असेल, तर चेसीच्या पट्ट्या कापण्याआधी ही मापे मांडून पाहावीत.

जालन्याची भूमी : नदीकाठचा गाळ सोडला, तर हा जिल्हा दख्खनच्या बेसाल्टावर वसला आहे. उत्तरेकडे भोकरदन, जाफराबाद भागात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात, दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, तर पूर्णा, दुधना, कुंडलिका आणि त्यांना मिळणारे नाले उन्हाळ्यात बहुतांशी कोरडे पडतात. बेसाल्ट झिजताना त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि गोलसर धोंडे मागे राहतात. भोवती मुरूम साचतो आणि सखल भागात काळी माती. क्रॉलरच्या चेसीचे बरेचसे शहाणपण मात्र अमेरिकेत यूटातील मोअ‍ॅबच्या वालुकाश्मावर आणि कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेच्या ग्रॅनाइटवर घडले आहे. मोअ‍ॅबच्या खरखरीत वालुकाश्मावर टायर घट्ट धरतो, म्हणून तेथे आधी ट्रक कलंडतो आणि गुरुत्वमध्य खाली नेण्याचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा ठरतो. मुरमाच्या उतारावर घर्षणगुणांक ०.७ धरला, तर ३५ अंशांनाच चाके घसरू लागतात. वर दिलेला मूळचा ट्रकदेखील ४५ अंशांपर्यंत कलंडत नाही. म्हणजे अशा उतारावर गुरुत्वमध्य आणखी खाली नेण्यावर खर्च केलेला पैसा वाया जातो. तेथे उपयोगी पडते ते पुढच्या चाकांवरचे वजन, मऊ टायर आणि गुळगुळीत, उचललेले पोट. स्वच्छ, कोरड्या, घट्ट बेसाल्टावर पकड चांगली मिळते. तेथे आणि एक चाक धोंड्यावर चढून ट्रक एकाएकी तिरका होतो तेव्हा, खाली आणलेला गुरुत्वमध्य पुन्हा कामाला येतो. त्यामुळे या जिल्ह्यात दोन्ही गुणांचा समतोल साधणारी चेसी हवी. एकाच गुणाचे टोक गाठणारी येथे उणी पडते.

पोलादाच्या गावातला प्रश्न : जालना शहर पोलादासाठी नावाजलेले असताना चेसी बाहेरून कशाला आणायची, असा आक्षेप कोणी घेईल. येथील कारखान्यांत मुख्यतः भंगार व स्पंज आयर्न वितळवून बिलेट आणि त्यांपासून बांधकामाच्या टीएमटी सळ्या तयार होतात. सळीच्या बाहेरचा थर मुद्दाम कठीण केलेला असतो आणि अंगावर उभारलेल्या कडा असतात. तिच्यावर बारीक आटे पाडून लिंक बनवणे म्हणजे अवघड वाटेने जाणे. चेसीला लागतो तो दीड-दोन मिमी.चा सपाट पत्रा, आणि तो सळीच्या गिरणीत तयार होत नाही. मात्र आक्षेपात तथ्यही आहे. पत्रा कापणे, वाकवणे, तीन मिमी.ची छिद्रे पाडणे ही कामे फॅब्रिकेशनच्या साध्या कार्यशाळेला जमणारी आहेत, आणि छत्रपती संभाजीनगरचा वाहनउद्योग जेमतेम साठ किलोमीटरवर आहे. वर पाहिल्याप्रमाणे चेसी पोलादी असल्याने नुकसान मिलिमीटरच्या अंशाइतकेच होते, तेव्हा स्थानिक पत्र्याची चेसी ही तडजोड न ठरता शहाणी निवड ठरते. अट एकच : दोन्ही पट्ट्या एकत्र घट्ट आवळून एकदमच छिद्रे पाडावीत. छिद्रे पुढेमागे झाली, तर एक्सल तिरके बसतात आणि ट्रक सरळ चालत नाही.

इतर धातूंविषयी : तीन मिमी.ची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दोन मिमी.च्या पोलादी पट्टीपेक्षा वजनाने जवळजवळ निम्मी असते आणि सपाट बाजूने वाकताना तिच्याहून किंचित ताठच राहते. पण एकदा वाकली, की तिला सरळ करणे धोक्याचे. कार्बन फायबर आणखी हलका, परंतु दगडावर कडा आपटून त्याचे थर सुटतात. तो विजेचा वाहक आहे, त्यामुळे उघड्या तारा त्याला टेकू देऊ नयेत. कापताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मुखपट्टी आणि पाणी वापरणे आवश्यक. स्किड प्लेटसाठी धातूपेक्षा अ‍ॅसिटलसारखे घसरते प्लॅस्टिक बरे. बेसाल्टावर ते झिजते, पण ट्रकला अडकवून ठेवत नाही.

आक्षेप : एक्सलवर पितळ चढवल्याने स्प्रिंगखालचे वजन वाढते, हा आक्षेप वेगवान गाड्यांच्या बाबतीत रास्त आहे. तेथे जड चाक खड्ड्यांवरून उसळते. पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही सावकाश जाणाऱ्या क्रॉलरला ती अडचण येत नाही. दुसरा आक्षेप अस्सलपणाचा : सर्व्हो एक्सलवरून काढून चेसीवर बसवला, की ट्रक खऱ्या जीपसारखा दिसतो. हे मान्य, पण ६० ग्रॅमचा सर्व्हो ४० मिमी. वर गेला, की गुरुत्वमध्य ०.८ मिमी. वर सरकतो. कार्बनच्या चेसीने मिळवलेले सारे एवढ्यात खर्ची पडते. शिवाय त्यासोबत आडवा पॅनहार्ड दांडा येतो आणि त्यामुळे एक्सल वरखाली होताना बाजूलाही सरकतो. प्रदर्शनासाठी हा बदल करावा, चढाईसाठी टाळावा. तिसरा आक्षेप असा, की हलका ट्रक बॅटरी वाचवतो. वाचवतो खरा, पण वरचे वजन काढून टाकल्याने जो फायदा होतो, तो खालचे काढल्याने होत नाही. हलकेपणाची मोजणीसुद्धा उंचीसकट करायला हवी.

लिंक आणि पीळ : जोराच्या चढावर प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे चेसी एका बाजूला कलते आणि पुढचे एक चाक हलके होते. चेसी बदलून हा दोष जात नाही. एका बाजूची स्प्रिंग थोडी ताठ करणे, किंवा चाकापाशी जास्तीची गिअर-घट असलेले पोर्टल एक्सल लावून शाफ्टवरचा पीळ कमी करणे हे त्यावरचे उपाय. वरच्या लिंकची चेसीवरची जागा बदलल्यास चढताना मागचा भाग बसतो की उचलला जातो हे बदलते. म्हणून नवी चेसी घेताना प्रत्येक लिंकसाठी एकाहून अधिक छिद्रे आहेत ना, हे पाहावे आणि जुळवणी करताना एका वेळी एकच जागा बदलून त्याच धोंड्यावर चाचणी घ्यावी.

निष्कर्ष : जालन्याच्या मुरूम व बेसाल्टावर पहिला ट्रक घेणाऱ्याने सुमारे ३०० मिमी. व्हीलबेसची साधी पोलादी शिडी-चेसी निवडावी. मग अनुक्रमे बॉडी हलकी करावी, बॅटरी खाली व पुढे आणावी, पुढच्या एक्सलवर पितळ चढवावे आणि पोटाखाली घसरती स्किड प्लेट लावावी. एवढे करून ट्रक जेथे अडतो तेथे तो घसरतो की कलंडतो, हे नीट पाहावे. घसरत असेल तर टायर बदलावेत. कलंडत असेल, तरच कमी गुरुत्वमध्याच्या चेसीवर पैसे खर्च करावेत.