फटफटीचा श्वास

पुण्याच्या नैर्ऋत्येस, मुठा नदीच्या कांठीं वसलेलें वारजे हें एके काळीं शेतमळ्यांचें खेडें होतें. १९९७ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. आज त्याच्या अंगावरून मुंबई-बंगळूर महामार्ग अहोरात्र वाहतो. चैत्र-वैशाखांत तेथील हवेंत धुळीचा पडदा उभा असतो, आणि मृगाचा पाऊस लागला कीं त्याच रस्त्यांवर गढूळ पाण्याचे लोट धांवूं लागतात. अशा ठिकाणीं ज्यांच्या घरीं वडिलांच्या हातची एखादी बुलेट, जावा किंवा राजदूत अजून चालती आहे, त्यांच्यापुढें केव्हां तरी एक प्रश्न येतोच. गाडीचा मूळचा हवेचा डबा गंजून गेलेला असतो, त्याची रबरी नळी तडकलेली असते. तसाच डबा शोधून बसवावा, कीं तो काढून टाकून कार्ब्युरेटरच्या तोंडावर बाजारांत मिळणारी शंकूच्या आकाराची सुटी गाळणी, जिला ‘पॉड फिल्टर’ म्हणतात, ती चढवावी? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचें उत्तर त्या डब्याच्या इतिहासांत दडलेलें आहे.

फटफटी पेट्रोलवर चालते असें लोक म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. वजनानें एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें पंधरा भाग हवा लागते. हवा विरळ असल्यामुळें मापानें हिशेब केला, तर एका लिटर पेट्रोलमागें नऊ ते दहा हजार लिटर हवा एंजिनाच्या पोटांत जाते. पुण्याहून साताऱ्यास पोंचेपर्यंत एखाद्या गाडीनें तीन लिटर पेट्रोल जाळलें, तर वाटेंत तिनें जवळजवळ तीस हजार लिटर हवा गिळलेली असते. त्या हवेबरोबर आंत गेलेली दख्खनच्या काळ्या पाषाणाची बारीक पूड सिलिंडरच्या भिंतीवरील तेलांत कालवली जाते, आणि सहाणेवर चंदन उगाळावें तशी पिस्टन व त्याच्या कड्या यांना उगाळीत राहते.

पहिल्या कारागिरांना ही फिकीर नव्हती. १८८५ सालीं जर्मनींत गॉटलीप डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर अर्ध्या अश्वशक्तीचें एंजिन बसवून आपली दुचाकी चालविली. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यांत वाफ मिसळावयाची, एवढीच तिची युक्ति होती. १८९३ सालीं मायबाखनें बारीक तोटींतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर काढला. पुढचे कार्ब्युरेटर त्याच वंशांतले. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें वाहूं लागली कीं तेथील दाब उतरतो, हें तत्त्व इटलीच्या व्हेंचुरी (१७४६–१८२२) या शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें. ह्या उतरलेल्या दाबामुळें तोटींतून, म्हणजे ‘जेट’मधून, पेट्रोल वर ओढलें जातें. १९२७ सालीं इंग्लंडांत तीन जुन्या कार्ब्युरेटर-कंपन्या एकत्र येऊन ‘अमाल’ ही कंपनी निघाली, आणि पुढें कित्येक वर्षें ब्रिटिश फटफट्यांवर तिचेच कार्ब्युरेटर दिसूं लागले. त्यांच्या तोंडाशीं बहुधा नुसता उघडा कर्णा असे. ओल्या हवेच्या व डांबरी रस्त्यांच्या त्या देशांत तें खपून जाई.

परंतु ही यंत्रें उष्ण देशांत गेलीं, तेव्हां धुळीनें आपला हिशेब मागितला. दुसऱ्या महायुद्धांत उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत ब्रिटिश सैन्याला त्याचा कडू अनुभव आला. ‘बी. एस. ए. एम-२०’ ही फौजी फटफटी सव्वा लाखाच्या आसपास बनली होती. उष्ण व धुळीच्या मुलुखांत धाडावयाच्या गाड्यांपैकीं कांहींच्या पेट्रोलच्या टाकीला खोबण करून तेथें व्होक्स कंपनीची डब्यासारखी मोठी गाळणी बसविली गेली, आणि जाड नळीनें ती कार्ब्युरेटरला जोडली गेली. ‘स्पिटफायर’ विमानाच्या नाकाखालींही व्होक्सची अवजड गाळणी आली, आणि तिच्या पायीं विमानाचा वेग घटला. तेव्हां अलेक्झांड्रियाजवळील अबूकीरच्या कारखान्यांत तिच्याहून सुटसुटीत गाळणी घडविण्यांत आली. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, वेग घटला म्हणून गाळणी फेंकून दिली नाहीं; तिचा घाट सुधारला.

हिंदुस्थानांत फटफट्या बनूं लागल्या त्या ह्या अनुभवानंतर. १९५५ सालीं मद्रासला ‘एन्फील्ड इंडिया’ कंपनी निघून बुलेट जोडली जाऊं लागली. १९६१ सालीं म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू झाला, त्याच्या मुळाशीं मुंबईंतील इराणी मंडळींचा पुढाकार होता. पुढच्याच वर्षीं एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत रस्त्यावर आली. ह्या गाड्यांत हवा उघड्या तोंडानें न घेतां आडोशाच्या गाळणींतून घेण्याची सोय होती. घरोघरीं ज्या गाड्या आज जपून ठेवल्या आहेत, त्या ह्याच पिढीच्या.

आतां त्या डब्याचें खरें काम काय, तें पाहूं जातां तीन गोष्टी दिसतात. पहिली धूळ अडविण्याची, ती उघडच आहे. दुसरी आवाजाची. प्रत्येक श्वासाबरोबर एंजिन जो हुंकार करतें, तो डब्याच्या पोकळींत विरतो. पोकळीचें आकारमान आणि तिच्या तोंडाची लांबी-रुंदी यांवर तिचा नाद ठरतो, हें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिलें होतें; डब्याची रचना करतांना हाच नियम उपयोगी पडतो. तिसरी गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. गाळणी व डबा हवेला किंचित् अडवितात. त्यामुळें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं दाब बाहेरच्या हवेपेक्षां थोडा कमी राहतो. पेट्रोलच्या वाटीवर मात्र बाहेरच्या हवेचा पुरा दाब असतो. ह्या दोन दाबांतील अंतर जेटमधून किती पेट्रोल वर चढेल, तें ठरविण्यास हातभार लावतें. कारखान्यांत जेटचा क्रमांक निवडला जातो, तो हा डबा जागेवर आहे असें धरून.

डबा काढला कीं हा हिशेब दोन्हीं बाजूंनीं मोडतो. हवा अधिक येते, आणि पेट्रोलला वर ओढणारें बळ घटतें. मिश्रण विरळ होतें, एंजिन तापतें, प्लगचें टोंक बिस्किटाच्या रंगाऐवजीं पांढरें पडतें. चार ठोक्यांच्या बुलेटला हें कांहीं काळ सोसतें. दोन ठोक्यांच्या जुन्या जावामध्यें वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असल्यामुळें पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. मग भर चढावर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचें चाक एकाएकीं अडतें. एवढी मोठी शिक्षा एवढ्या लहान फेरफाराला मिळते, हें पुष्कळांना खरें वाटत नाहीं.

मग ही सुटी गाळणी आली कोठून? ती आली शर्यतीच्या मैदानांतून. शर्यतीची गाडी पुनःपुन्हां खोलली जाते; तिच्या सिलिंडरचें आयुष्य तासांत मोजतात, तेव्हां थोड्या धुळीची तेथें पर्वा नसते. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें १९५७ सालीं फटफट्यांचें दुकान म्हणून सुरू झालेल्या ‘के अँड एन’ ह्या पेढीनें तेलांत भिजविलेल्या सुती जाळीची गाळणी पुढें जगभर नेली. इंग्लंडांत १९६० च्या सुमारास तरुण मंडळी रस्त्यावरच्या गाड्यांना शर्यतीचें रूप देऊं लागली, आणि अंगावरचे डबे, पत्रे उतरविण्याची चाल पडली. शर्यतीची गरज होती ती शोभा झाली.

महाराष्ट्रांत हा मोह विशेष दिसला तो ‘राजदूत ३५०’च्या बाबतींत. जपानच्या यामाहाची ही ३४७ सी. सी.ची जोड-सिलिंडर गाडी एस्कॉर्ट्सनें १९८३ पासून ह्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनविली. तिला दोन कार्ब्युरेटर असून दोन्हींना हवा मिळते ती एकाच डब्यांतून. एका चुलीवर दोन भांडीं सारख्या आंचेनें शिजावीं, तशी ही योजना. डबा काढून दोन सुट्या गाळण्या लावल्या, म्हणजे ती सामाईक, शांत हवा नाहींशी होते. वाऱ्याच्या झोताला एक बाजू अधिक सांपडते, दुसरी कमी. त्यांतून गाळणीची आंतली रबरी कड कार्ब्युरेटरच्या तोंडांतील बारीक हवाछिद्रांवर आली, तर सावकाश चालतांना गाडी गुदमरते, आणि मालक मात्र दोष प्लगला देत बसतो.

वारज्यासारख्या ठिकाणीं आणखी दोन गोष्टी विचारांत घ्याव्या लागतात. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. येथील हवा मुंबईपेक्षां सुमारें पांच टक्के विरळ. मुंबईस जुळविलेली गाडी येथें किंचित् अधिक पेट्रोल पिते, आणि येथें जुळविलेली गाडी मुंबईस उतरली कीं तिचें मिश्रण पातळ होतें. म्हणजे दुसऱ्या गांवच्या मित्राच्या गाडीचा जेट-क्रमांक जसाच्या तसा उचलून चालत नाहीं. दुसरी गोष्ट पावसाची. डब्याचें तोंड पाणी आंत येणार नाहीं अशा बेतानें वळविलेलें असतें. उघडी गाळणी पुढच्या मोटारीनें उडविलेला चिखल सरळ अंगावर घेते. कागदी असेल तर ती भिजून श्वास कोंडते.

ह्या प्रश्नाला आतां कायद्याचीही बाजू आली आहे. वारज्याहून थोड्याच अंतरावर, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर, १९६६ सालीं स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ ह्या संस्थेंत वाहनांचा धूर व आवाज मोजला जातो. नव्या गाडीला ह्या कसोट्या डब्यासकटच उतराव्या लागतात. एप्रिल २०२० पासून धुराचे नियम इतके कडक झाले कीं, नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीची सोय केली. त्यांच्या क्रमांकांत ‘व्ही ए’ हीं अक्षरें येतात. अट अशी कीं गाडी मूळ रूपांत राखलेली असावी. सांगाडा, बाह्यांग अथवा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. १९६१ ची जावा ह्या मानाला आज पात्र आहे, आणि तिचें मूळ रूप म्हणजे केवळ रंग व बिल्ला नव्हे.

डबा खरोखरच मिळत नसेल आणि सुटी गाळणी लावणें भागच पडलें, तर तें काम अर्ध्या तासाचें समजूं नये. गाळणी अंगानें मोठी, चांगल्या जातीची व पावसापासून आडोशाला बसणारी घ्यावी. मुख्य जेट एकेक पायरीनें वाढवावा, सुई एक खांच वर घेऊन पाहावी, आणि प्रत्येक वेळीं चढाची एक फेरी करून प्लगचा रंग तपासावा. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्ही प्लगांचा रंग एकसारखा येईपर्यंत थांबूं नये. परंतु त्याआधीं जुन्या डब्याचा पत्रा सांधून घेतां येतो का, नळी नवी करतां येते का, गाळणीचा जाळीदार गाभा बदलतां येतो का, हें पाहावें. कुशल पत्रेवाला व रबराचें काम करणारा कारागीर पुण्यांत अद्याप मिळतो.

जुनें यंत्र जपणें म्हणजे त्याच्या बनविणाऱ्यानें जो हिशेब मांडला, तो समजून घेणें होय. हवेचा डबा हा दिसण्यांत कुरूप, झांकलेला आणि विसरला जाणारा भाग आहे. पण वाळवंटांतल्या शिपायांनीं, तेथील कारागिरांनीं आणि कारखान्यांतल्या यंत्रज्ञांनीं धुळीशीं झगडून मिळविलेलें शहाणपण त्या पत्र्याच्या पोकळींत सांठविलेलें आहे. तें भंगारांत टाकण्यापूर्वीं एकदां तरी तो उघडून, झटकून, पुन्हां जागेवर लावून पाहावा.